कात्रीची जबानी

भरधाव धावणारा घोडा एकाएकी थबकतो. गाडीत बसलेल्या स्त्रिया, त्यांच्या डोक्यावरच्या टोप्या, मागची झाडे, सारे जागच्या जागी गोठते. आणि क्षणापूर्वी पडद्यावर जी गडबड चालली होती ती वस्तुतः निश्चल छायाचित्रांची एक लांबलचक माळ होती, हे प्रेक्षकाला काहीसे दचकून उमगते. मग दिसते ती खुद्द फिल्मची पट्टी: कडेला भोकांच्या रांगा, आणि त्यांच्या मधोमध आडवे पडलेले एका मुलाचे तोंड, डोईला रुमाल बांधलेली एक म्हातारी. त्यामागोमाग एक खोली, भिंतीला फळ्या, फळ्यांवर विषयवार चिठ्ठ्या लावून रचून ठेवलेली रिळे, आणि खालून उजेड येणाऱ्या काचेच्या मेजाशी मान घालून बसलेली, तिशीही न गाठलेली एक स्त्री. ती पट्टी उजेडासमोर धरते, डोळे बारीक करते, कात्री चालवते, जोड देते. आणि आतापर्यंत पुतळ्यासारखे असलेले ते मूल फिस्सकन हसते.

झिगा व्हेर्तोव्ह यांच्या १९२९ सालच्या ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’ या मूकपटातला हा प्रसंग जगभरच्या चित्रपट-शाळांतून दाखवला जातो, त्यावर ग्रंथ लिहिले जातात, आणि व्हेर्तोव्ह यांचे नाव आदराने घेतले जाते. मेजाशी बसलेल्या त्या बाईंचे नाव मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. त्या येलिझावेता इग्नात्येव्हना स्वीलोव्हा. व्हेर्तोव्ह यांच्या पत्नी, आणि त्याहीपेक्षा महत्त्वाचे म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे वृत्तपटांची फिल्म कापण्या-जोडण्यात घालवलेल्या संकलक. पडद्यावर संकलक दिसावा असा योग चित्रपटाच्या इतिहासात फार थोड्यांच्या नशिबी आला; आणि ज्यांच्या नशिबी आला त्या बाईंच्या हातून पुढे जे कापले-जोडले गेले ते आठवले म्हणजे घोड्याच्या त्या गोठलेल्या चित्राकडे पूर्वीसारखे निश्चिंत मनाने पाहणे मला तरी जमेनासे झाले आहे.

स्वीलोव्हाबाईंचा जन्म मॉस्कोचा, १९०० सालचा. बाराव्या वर्षी त्या एका फिल्म-प्रयोगशाळेत उमेदवारीला लागल्या आणि १९१४ च्या सुमारास, म्हणजे पहिले महायुद्ध पेटत असताना, पाथे या फ्रेंच कंपनीच्या मॉस्को येथील शाखेत कापणी-जोडणीचे काम करू लागल्या. या कामाला रशियन भाषेत स्त्रीलिंगी शब्द आहे, ‘मोंताज्नित्सा’. आणि तो स्त्रीलिंगी असण्यामागे कोणतेही औदार्य नाही. फिल्म पुसणे, निवडणे, कापणे, डकवणे ही कामे शिवणटिपणाच्या जातीची, बारीक बोटांची आणि बेताच्या पगाराची मानली जात, सबब ती मुलींच्या वाट्याला येत. दिग्दर्शक काय तो निर्मिती करणार आणि मुलीने तिचे काठ शिवून द्यायचे, अशी ती वाटणी होती.

हे काठ शिवणे म्हणजे काय, याची थोडी कल्पना मला आहे. मुंबईत एका वयोवृद्ध संकलकाच्या खोलीत, केवळ कुतूहलापोटी, मी दोन-तीन दुपारी फिल्म जोडून पाहिली आहे. दोन चौकटींच्या मधल्या रेषेवर कापायचे. एका टोकाला अगदी अरुंद ओठ राखायचा. त्या ओठावरचा चित्राचा थर पात्याने असा खरवडायचा की खालचा पारदर्शक पट्टा उघडा पडावा पण त्याला चरा जाऊ नये. मग कुंचल्याने सिमेंटचा, म्हणजे फिल्म चिकटवण्याच्या द्रवाचा, एकच फटकारा मारून दुसरे टोक त्यावर बसवायचे आणि दाबून धरायचे. थर जास्त खरवडला तर फिल्म तिथेच फाटते, कमी खरवडला तर जोड प्रक्षेपकात सुटतो, आणि सिमेंट अंमळ जास्त झाले तर शेजारची चौकट विरघळल्यासारखी होते. माझे पहिले सातही जोड सुटले. त्या दुपारी डोक्यात भिनलेला सिमेंटचा गोडसर, मस्तक उठवणारा वास अजून आठवतो. स्वीलोव्हाबाईंच्या काळची फिल्म तर नायट्रेटची, ठिणगी पडताच भडकणारी. आणि एका चित्रपटात असे जोड शेकड्यांनी, पुढे पुढे हजारांनी.

व्हेर्तोव्ह यांच्याशी त्यांची गाठ कशी पडली याची एक हकीकत सांगतात, आणि ती खरी मानण्याचा मोह मला आवरत नाही. यादवी युद्धाच्या काळात व्हेर्तोव्ह, मूळचा बियालिस्तोकचा डेव्हिड कॉफमन नावाचा तरुण, त्सारित्सिनच्या लढाईवर एक चित्रपट जुळवत होता. दृश्य लांबलचक असावे, निदान पात्र दारातून आत येऊन खुर्चीवर बसेपर्यंत तरी चालावे, असा तेव्हाचा रिवाज. आणि या गृहस्थाने तर दहा चौकटींचे, पाच चौकटींचे, इतकेच काय एकेका चौकटीचे तुकडे क्रम लावून जोडण्यासाठी दिले. जोडणाऱ्या बाईने ते चिटोरे पाहिले, ही कापणीतली रद्दी आहे असे समजून सरळ टोपलीत टाकले, आणि मोठे तेवढे तुकडे जोडून काम हातावेगळे केले. बिचाऱ्या दिग्दर्शकाला सारे पुन्हा करावे लागले. त्या कष्टी माणसाची कीव येऊन, किंवा त्या चिटोऱ्यांत काहीतरी आहे हे ओळखून, स्वीलोव्हाबाईंनी त्याचे काम पत्करले. कीव आणि पारख यांतले खरे कारण कोणते ते त्यांचे त्यांना ठाऊक. परंतु ज्या हातांना पाथेच्या खोलीत वर्षानुवर्षे मोठे ते ठेव, लहान ते टाक अशी तालीम मिळाली होती, त्या हातांनी एका चौकटीच्या तुकड्याला किंमत द्यावी, ही माझ्या लेखी त्या काळातल्या कोणत्याही जाहीरनाम्याहून मोठी गोष्ट आहे.

जाहीरनामे अर्थात पुष्कळ निघाले. १९२२ पासून व्हेर्तोव्ह, त्यांचे धाकटे बंधू व छायालेखक मिखाईल कॉफमन आणि स्वीलोव्हा असे ‘त्रिमंडळ’ स्थापन झाले, नाटकी चित्रपटाविरुद्ध युद्ध पुकारले गेले, आणि १९२२ ते १९२५ या काळात ‘किनो-प्राव्दा’ या वृत्तपटमालेचे २३ अंक निघाले. ते जिथे तयार होत ती जागा म्हणजे मॉस्कोच्या मध्यवस्तीतले एक दमट तळघर. ओलीमुळे जोड धरत नसत आणि कात्र्यांना गंज चढे. कॅमेऱ्याने साऱ्या विश्वाचे यथार्थ दर्शन घडवण्याची भाषा वर चाललेली, आणि खाली बाई गंजलेल्या कात्रीने ओली फिल्म कापत बसलेल्या. (वृत्तपट ही काही आपल्याला परकी वस्तू नव्हे. केंब्रिजहून रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजप्यांचे मुंबईत झालेले स्वागत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादांनी १९०१ सालीच चित्रित केले होते. पण सावेदादांच्या काळी रीळ जसे निघे तसेच दाखवत. कापण्याजोगे त्यात काही नसे.)

‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’मध्ये तुकड्यांची संख्या सतराशेच्या वर जाते, आणि चित्रपट जेमतेम सत्तर मिनिटांचा आहे, म्हणजे सरासरी दोन-अडीच सेकंदांना एक तुकडा. असल्या चित्रपटात संकलकाला निव्वळ हरकाम्या म्हणणे म्हणजे सोनाराला भात्याचा पोऱ्या म्हणण्यासारखे आहे. त्याच सुमारास एस्फिर शूब या दुसऱ्या संकलक-बाईंनी जुन्या वृत्तपटांची सुमारे ६०,००० मीटर फिल्म डोळ्यांखालून घालून रोमानोव्ह राजघराण्याच्या पतनाचा १९२७ सालचा चित्रपट उभा केला होता. खुद्द झारच्या छायालेखकांनी कौतुकाने घेतलेली चित्रे झारच्याच विरुद्ध साक्षीला उभी केली होती. चित्र घेणाऱ्याचा हेतू काहीही असो, अर्थ कात्री ठरवते, हा धडा त्या पिढीने फार लवकर गिरवला. आणि तो धडा सत्तेनेही तितक्याच लवकर गिरवला.

तिसऱ्या दशकानंतरची हकीकत थोडक्यात सांगतो. १९३४ साली ‘लेनिनविषयी तीन गीते’ गाजले, मग व्हेर्तोव्ह यांच्यावर ‘आकारवादी’ असल्याचा शिक्का बसला, योजना नामंजूर होऊ लागल्या, आणि नवऱ्याला काम मिळत नसताना बायकोने दुसऱ्यांची रिळे जोडून घर चालवावे असा क्रम सुरू झाला.

१९४१ च्या जूनमध्ये जर्मन फौजा सोव्हिएत हद्दीत घुसल्या. शरदात मॉस्कोवर संकट येताच चित्रपट-स्टुडिओ पूर्वेकडे हलवण्याचा हुकूम निघाला आणि हे दांपत्य कझाकस्तानातील अल्मा-आता येथे जाऊन पोहोचले. इकडे आघाडीवर अडीचशेहून अधिक छायालेखक तैनात झाले, त्यांपैकी कित्येक परतले नाहीत, आणि युद्ध संपेतो त्यांनी सुमारे ३५ लाख मीटर फिल्म खर्ची घातली. त्यांच्या हातांतल्या कॅमेऱ्यात तीस मीटरचे चाक बसे; म्हणजे एका चाकात मिनिटभराचे चित्रण, आणि मग धुळीत, बर्फात, गोळीबारात चाक बदलणे. प्रत्येक रिळासोबत एक यादी पाठवण्याचा दंडक होता: कोणते गाव, कोणती तारीख, कोणती तुकडी, कोणत्या चित्रात काय आहे. दूरवरच्या खोलीत बसलेल्या संकलकाला लढाई दिसे ती या यादीच्या आधारे. पेन्सिलीने घाईत खरडलेला तो कागद आणि धुऊन आलेली रिळे यांचा मेळ घालणे हे कामाचे पहिले अंग. कारण गावाचे नाव चुकले तर चित्र कितीही देखणे असो, दस्तऐवज म्हणून ते बाद.

१९४५ च्या जानेवारीच्या २७ तारखेला पहिल्या युक्रेनियन आघाडीच्या ६० व्या सैन्याच्या तुकड्या पोलंडमधील ऑशवित्झच्या छावणीत शिरल्या. मागे सोडलेले सुमारे सात हजार कैदी जिवंत होते. अलेक्झांडर व्होरोन्त्सोव्ह व त्यांचे सहकारी छायालेखक सैन्याबरोबर होते, पण त्यांच्यापाशी दिव्यांची सोय नव्हती, आणि कोठड्यांतला अंधार त्या फिल्मवर उमटण्यासारखा नव्हता. सबब जे पहिल्या दिवशी डोळ्यांनी पाहिले ते चित्रात आलेच नाही, आणि जे चित्रात आले त्यातले बरेचसे पुढल्या आठवड्यांत घेतलेले आहे. सोव्हिएत चौकशी मंडळाचे डॉक्टर प्रेते तपासत आहेत. चष्म्यांचे, जोड्यांचे, दाढीच्या ब्रशांचे ढीग. कापडात बांधलेले स्त्रियांचे केस, एकूण सुमारे सात टन. काटेरी तारांच्या दोन रांगांमधून परिचारिका मुलांना घेऊन येतात. मुले कॅमेऱ्यासमोर उभी राहतात आणि बाह्या वर सारून हातावर गोंदलेले आकडे दाखवतात.

हे सारे मॉस्कोला आले, आणि ‘ऑशवित्झ’ या वीस-बावीस मिनिटांच्या चित्रपटाचे काम स्वीलोव्हाबाईंकडे सोपवले गेले. सोळा वर्षांपूर्वी ज्या हातांनी हसऱ्या मुलाची गोठलेली चौकट हलती केली होती, त्याच हातांत आता या मुलांच्या चौकटी आल्या.

बाह्या वर सारणाऱ्या त्या मुलांचे चित्र मी कितीतरी वेळा पाहिले आहे. त्यात एक गोष्ट चटकन ध्यानात येत नाही: मुलांच्या अंगावरचे पट्ट्यापट्ट्यांचे कपडे त्यांच्या मापाचे नाहीत, मोठ्यांचे आहेत. हे कपडे चित्रणासाठी म्हणून आम्हाला चढवले होते असे त्या मुलांपैकी काहींनी मोठेपणी सांगितले. मग हे चित्र खोटे का? हातावरचे आकडे खरे आहेत, मुले खरी आहेत, तारा खऱ्या आहेत. कपडे उसने आहेत. न्यायालयात साक्षीदाराला धुतलेला सदरा घालून उभे करणारा वकील जे करतो त्याहून हे फार वेगळे नाही, असे म्हणता येईल. परंतु सदऱ्याविषयी विचारले असता साक्षीदाराने खरे सांगावे, अशीही आपली अपेक्षा असते, आणि चित्रपट सदऱ्याविषयी गप्प राहतो. सुटकेच्या आनंदाचा एक प्रसंग नंतर मुद्दाम रचून चित्रित केला होता आणि तो वापरला गेला नाही, असे व्होरोन्त्सोव्ह यांनी चाळीस वर्षांनी एका मुलाखतीत सांगितले. काय ठेवावे आणि काय टोपलीत टाकावे याचा निवाडा कोणत्या तरी टेबलावर झालाच होता.

आणखी एक मौन आहे, आणि ते याहून जड आहे. १९४५ च्या मे महिन्यात प्रसिद्ध झालेल्या सोव्हिएत चौकशी मंडळाच्या जाहीर अहवालात बळींची संख्या चाळीस लाख सांगितली होती आणि ते सोव्हिएत संघ, पोलंड, फ्रान्स अशा अशा देशांचे नागरिक होते असे म्हटले होते. ते बहुसंख्येने ज्यू होते आणि ज्यू म्हणूनच मारले गेले, हे त्यात नव्हते. पुढील संशोधनाने हा आकडा सुमारे अकरा लाखांवर आणला आहे, आणि त्यांत सुमारे दहा लाख ज्यू होते. सरकारी मजकुराची जी चौकट आखून दिलेली असे तिच्या आत चित्रे बसवणे संकलकाला प्राप्तच असे. आणि याच ठिकाणी हे सांगणे भाग आहे की व्हेर्तोव्ह यांचे आईवडील, म्हणजे स्वीलोव्हाबाईंचे सासूसासरे, नाझींच्या ज्यूसंहारात मारले गेले होते. त्या वेळी बाईंच्या मनात काय चालले असेल यावर चार ओळी लिहिणे सोपे आहे. मी लिहीत नाही. रीळ वेळेवर तयार झाले, एवढे खरे.

न्यूरेंबर्गच्या न्यायालयात १९ फेब्रुवारी १९४६ रोजी सोव्हिएत फिर्यादी पक्षाने जर्मन अत्याचारांचा चित्रपट पुरावा म्हणून रुजू केला. अमेरिकनांनी नोव्हेंबरातच छावण्यांचा चित्रपट छायालेखकांच्या प्रतिज्ञापत्रांसह दाखवला होता. फिल्म ही आता केवळ बातमी राहिली नव्हती, ती कोर्टात उभी राहून जबानी देऊ लागली होती. ऑशवित्झची दृश्येही त्या दिवशी आरोपींसमोर दाखवली गेली. त्याच खटल्यावर रोमान कार्मेन यांनी ‘सूद नारोदोव्ह’, म्हणजे ‘राष्ट्रांचा न्यायनिवाडा’, हा चित्रपट केला आणि त्यात स्वीलोव्हाबाई सहदिग्दर्शक होत्या. युली राइझमन यांच्या ‘बर्लिन’ या चित्रपटाच्या कामातही त्यांचा वाटा होता. १९४६ साली त्यांना स्टालिन पारितोषिक मिळाले.

त्याच वर्षी आपल्याकडे नेमके उलट घडत होते, आणि मुंबईकर वाचकाला ते सांगितल्यावाचून राहवत नाही. युद्धकाळात इंग्रज सरकारने मुंबईत ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ आणि ‘इंडियन न्यूज परेड’ ही खाती उघडली, १९४३ साली संरक्षण कायद्याखाली प्रत्येक खेळात मंजूर केलेले सरकारी बोधपट दाखवण्याची सक्ती थिएटरवाल्यांवर केली, आणि लोकांना त्या चित्रपटांचा इतका वीट आला की १९४६ साली खातीच गुंडाळली गेली. परिणाम असा की १५ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री स्वतंत्र होणाऱ्या देशापाशी तो क्षण टिपायला स्वतःचे चित्रपट-खाते नव्हते. फिल्म्स डिव्हिजनचा जन्म १९४८ चा. राज्य बदलताना कॅमेरा कोणाच्या दप्तरी जमा आहे हा प्रश्न मॉस्कोत कुणाला पडला नसता.

पारितोषिकाने घरात काय आणले ते सांगणे कठीण आहे. व्हेर्तोव्ह १९४४ पासून ‘नोव्होस्ती द्न्या’, म्हणजे ‘दिवसाच्या बातम्या’, या वृत्तपटाचे अंक जुळवत होते. ज्याने एकेकाळी चौकटीचौकटीसाठी भांडण मांडले तो मनुष्य आता धान्योत्पादनाचे आणि सत्कार-समारंभांचे ठराविक तुकडे ठराविक क्रमाने लावत असे. १९४९ साली, ‘मूळतुटक्या विश्वनागरिकां’विरुद्ध, म्हणजे मुख्यतः ज्यूंविरुद्ध, सरकारी मोहीम चालू असता, स्वतःच्या स्टुडिओतल्या जाहीर सभेत त्यांच्यावर तोंडसुख घेतले गेले. १२ फेब्रुवारी १९५४ रोजी ते कर्करोगाने वारले. अमेरिकेत स्थायिक झालेले त्यांचे सर्वांत धाकटे बंधू बोरिस कॉफमन यांना ‘ऑन द वॉटरफ्रंट’च्या छायालेखनासाठी ऑस्कर मिळाले ते पुढच्याच वर्षी.

१९५६ च्या सुमारास स्वीलोव्हाबाईंनी नोकरी सोडली. चाळीसएक वर्षे ज्यांनी कापले त्या बाई आता उरलेली एकोणीस वर्षे फक्त गोळा करणार होत्या. रोजनिश्या, टिपणे, नामंजूर झालेल्या योजनांची बाडे, पत्रे, छायाचित्रे, भित्तिपत्रके, सारे त्यांनी क्रम लावून, तारखा घालून ठेवले. पाथेच्या खोलीत आणि तळघरात फळ्यांवर रिळे लावताना जी शिस्त अंगी बाणली होती तीच आता कागदांना लागू झाली. १९६६ साली मॉस्कोत व्हेर्तोव्ह यांच्या लेखांचा व रोजनिशीचा संग्रह निघाला तो या संचयामुळे. मोठा भाग सरकारी साहित्य-कला दप्तरखान्यात गेला, आणि काही भाग सरहद्दीपलीकडे, व्हिएन्नाच्या ऑस्ट्रियन चित्रपट-संग्रहालयात.

मात्र हाती कात्री असलेल्या माणसाची तिच्यापासून सर्वस्वी सुटका होत नाही. ‘लेनिनविषयी तीन गीते’ची १९३८ साली जी आवृत्ती निघाली तिच्यात स्टालिनची चित्रे वाढवली होती, १९७० साली लेनिनच्या जन्मशताब्दीनिमित्त तो चित्रपट पुनरुज्जीवित करण्याचे ठरले तेव्हा इल्या कोपालिन आणि सेमिरामिदा पुंप्यान्स्काया यांच्यासह सत्तरीतल्या स्वीलोव्हाबाई त्या कामाला बसल्या, आणि या खेपेला स्टालिनची चित्रे काढून टाकण्यात आली. मुळात १९३४ च्या चित्रपटात तो किती होता, नंतर किती घातला आणि शेवटी किती काढला, हे आज अभ्यासक निरनिराळ्या प्रती शेजारी ठेवून, जोडांच्या खुणा मोजून ठरवत बसतात. पतीचे काम वाचवायचे तर ते ज्या रूपात सरकारला चालेल त्या रूपात वाचवायचे, असा हिशेब त्या बाईंनी केला असावा. त्यांना दोष देण्याइतका मी निर्धास्त देशाकाळात राहत असलो, तरी मला तो देववत नाही.

स्वीलोव्हाबाई नोव्हेंबर १९७५ मध्ये मॉस्कोत वारल्या. त्यांनी व्हिएन्नाला धाडलेले कागद तिथे यादीवार लावून ठेवलेले आहेत.